मेंत्सुयू : एका परक्या रसाची कुळकथा

इसवी सन १६८९ म्हटले की मराठी माणसाच्या मनात तुळापूरखेरीज दुसरे काही येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री विलायतेहून जहाजात बसला आणि मुंबई पाहून पुढे सुरतेच्या वखारीत येऊन राहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला छापले गेले. वखारीतल्या कारभारापेक्षा तेथील जेवणाकडे ह्या धर्मोपदेशकाचे लक्ष अधिक होते, असे म्हटल्यास त्याच्यावर अन्याय होणार नाही. एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तीन आचारी तेथे ठेवलेले होते. ताटाशेजारी बांबूचे आणि आंब्याचे लोणचे नेहमी सिद्ध असे आणि त्यांच्या जोडीला असे सोया. तोंडीलावण्यांत सर्वश्रेष्ठ असे प्रशस्तिपत्र पाद्रीबुवा ह्या सोयाला देतात.

शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटलेली ही सुरत. मराठ्यांच्या इतिहासात तिच्या पेढ्यांचा, हुंड्यांचा आणि कोटाच्या भिंतीचा हिशेब आपण वाचलेला असतो. त्याच गावात एका मेजावर तो काळसर, खारट, पूर्वेकडून आलेला रस ठेवलेला होता, हे मात्र आपल्या ध्यानी नसते. प्रस्तुत लेखकाच्याही ते ध्यानी नव्हते. ते आले डमडमच्या एका स्वयंपाकघरामुळे.

डमडमचे नाव जगभर गेले ते बंदुकीच्या गोळीमुळे. येथील शस्त्रशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेली ती फुटणारी गोळी इतकी क्रूर ठरली की १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदी घालावी लागली. नंतर ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या कारखान्याने आणि विमानतळाने ह्या गावाला जरा सभ्य ओळख मिळवून दिली. १९६० च्या दशकात टोकियोहून युरोपकडे जाणारी जपानी प्रवासी विमाने वाटेत येथे उतरत. आता ती थांबत नाहीत. पण आमच्या बिऱ्हाडात गेल्या पौषात जपान उतरला तो विमानातूनच. चार वर्षे ओसाकाला नोकरी करून परतलेली भाची आठ दिवसांसाठी आली आणि तिने सोबत कुट्टूच्या शेवयांची चार पुडकी आणली. उत्तरेकडे उपवासाला ज्याचे पीठ खातात तोच हा कुट्टू. जपानात त्याच्या लांब शेवया करतात, त्यांना सोबा म्हणतात. त्या उकडून, गार पाण्यात धुऊन, एका दाट रसात बुडवून खावयाच्या. त्या रसाचे नाव मेंत्सुयू. मेन म्हणजे शेवया आणि त्सुयू म्हणजे रस.

“बाटली विकतची आणता आली असती ग,” मी म्हटले.

“मामा, तुम्ही आमटीचे पाकीट आणता का कधी?” ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. रस घरीच करावयाचे ठरले.

करावयाचे म्हणजे दोन निरनिराळ्या गोष्टी करून शेवटी एकत्र आणावयाच्या. पहिली कायेशी. सोया सॉस, मिरीन नावाचे गोड तांदुळी मद्य आणि साखर ह्यांचे ते मिश्रण असते. लिटरभर सोयाला पावशेराच्या आतबाहेर मिरीन आणि जवळजवळ तितकीच साखर. मद्य आधी तापवून त्याचा उग्रपणा घालवावयाचा, साखर विरघळवावयाची, मग सोया ओतून मंद आचेवर ठेवावयाचे. कडेने बारीक फेस धरू लागला, पृष्ठभागावर पातळ साय आल्यासारखे दिसले, की उतरवावयाचे. उकळी फुटली की सोयाचा वास गेलाच. नंतर हे भांडे झाकून थंड जागी आठवडाभर विसरून जावयाचे. ताज्या कायेशीचा खारटपणा जिभेला टोचतो, मुरलेल्या कायेशीचा टोचत नाही. दुसरी गोष्ट दाशी, म्हणजे मासळीचा अर्क. गार शेवया बुडवावयाच्या तर एक भाग कायेशीला तीन भाग दाशी, आणि गरम रश्श्यातून खावयाच्या तर आठ ते दहा भाग. मुरलेल्या लोणच्याचे आणि ताज्या आमटीचे जे नाते, तेच ह्या दोहोंचे, एवढे सांगितले की मराठी गृहिणीला पुढचे सांगावे लागत नाही.

हा रस जपानचा सनातन वारसा आहे अशी माझी समजूत होती. ती खोटी निघाली. १६४३ साली छापलेल्या ‘र्योरी मोनोगातारी’ ह्या जपानी पाकग्रंथात सोबाबरोबर जो रस सांगितला आहे तो मिसोचा, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यापासून गाळलेला आहे. म्हणजे महाराजांच्या बालपणी जपानी माणूस सोबा खात होता, पण मेंत्सुयू खात नव्हता. सोयाचा रस शेवयांना लाभला तो पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत.

तो ज्यांनी घडविला त्यांचीच हकीकत मला विशेष वाटते. जपानच्या पश्चिम भागात कीशू नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथील युआसा गावाची आख्यायिका अशी की तेराव्या शतकात चीनमधून परतलेल्या काकुशिन नावाच्या भिक्षूने मिसोची एक रीत आणली आणि त्या मिसोच्या पिंपात तळाशी साचणाऱ्या पाण्यातून सोयाचा उगम झाला. आख्यायिका म्हणून ती सोडून देऊ. कागदोपत्री दिसते ते असे, की ह्याच कीशूतले कोळी आणि व्यापारी पोटासाठी पूर्वेकडे सरकले. १६४५ साली हामागुची घराण्याच्या एका पुरुषाने एदोच्या पूर्वेला चोशी बंदरात सोयाचा कारखाना घातला. तो यामासा ह्या नावाने आजही चालू आहे. चोशी आणि नोदा येथला गडद सोया नदीवाटे होड्यांतून एदोत येऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याने पश्चिमेकडून येणाऱ्या महाग सोयाला जवळजवळ हाकलून लावले. मासळीचीही तीच कथा. कीशूच्याच जिंतारो नावाच्या कोळ्याने १६७४ च्या सुमारास तोसा प्रांतात जाऊन मासा धुरावर वाळविण्याची नवी रीत काढली, असे परंपरा सांगते. त्यातून कात्सुओबुशी हा लाकडासारखा कठीण, रंध्याने तासून वापरावयाचा मासा तयार झाला. एदोच्या मेंत्सुयूत जे दोन मुख्य पदार्थ पडतात, त्या दोहोंमागे गाव सोडून गेलेले एकाच प्रांतातले लोक उभे आहेत. ही माणसे मुलखात राहिली असती तर हा रस झाला नसता. बदलीच्या गावी बसून हे वाचताना मन किंचित सैल होते, हे कबूल केले पाहिजे.

आता आमच्या डमडमच्या अडचणी. कात्सुओबुशीचे जे पाकीट भाचीने आणावयाचे ते ओसाकालाच राहिले होते. बाजारात सुकी मासळी पुष्कळ. बंगाल्याच्या शुटकीचा वास ज्याने एकदा घेतला तो तिला विसरत नाही, आणि आमच्या मालवणी घरात सुकटाचे वावडे कधीच नव्हते. पण शुटकी धुरावर धरलेली नसते. शेवटी उपयोगी पडले शेजारच्या क्वार्टरमधले गृहस्थ. त्यांची ह्यापूर्वीची नेमणूक कवरत्तीला होती आणि मिनिकॉय बेटावरून आणलेला माशाचा एक काळपट तुकडा त्यांच्या कपाटात कागदात गुंडाळलेला होता. मिनिकॉयची भाषा मालदीवच्या भाषेचीच बहीण. तेथे ह्याला ‘मास’ म्हणतात. मराठी कानाला शब्द गमतीचा लागतो खरा, पण हा निव्वळ मासा असतो.

तो तुकडा पाहून भाचीने डोळे विस्फारले. रंग तोच, खुटखुटीत आवाज तोच. आणि मासाही तोच! आपल्या किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात त्याच्या कुळातला हा मासा मालदीवचे लोक कापून उकळतात, धुरावर धरतात आणि उन्हात कडक करतात. जपानी त्याच जातीचा मासा उकळतात, धुरावर धरतात आणि शेवटी त्यावर मुद्दाम बुरशी चढवून त्यातले उरलेसुरले पाणी काढून घेतात. मालदीवची रीत पुष्कळ जुनी. इब्न बतूता १३४३-४४ साली त्या बेटांवर काजी म्हणून राहिला. हा मासा हिंदुस्थान, चीन आणि येमेन येथे जातो अशी त्याने नोंद केली आहे. जपानी रीत मालदीवहूनच गेली असावी अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. तिला पुरावा मिळालेला नाही, आणि दोन दर्यावर्दी समाजांना एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचणे अशक्यही नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर त्या मिनिकॉयच्या तुकड्याचा जो अर्क निघाला, त्याने भाचीचे समाधान झाले. “थोडा राकट आहे, पण घरचा वाटतो,” असा तिचा अभिप्राय.

म्हणजे मेंत्सुयूतला मासळीचा अर्धा भाग आपल्या समुद्रात सहाशे वर्षांपासून फिरत आहे. आणि दुसरा अर्धा, सोया, तो तरी कोठे दूर होता? १६४७ साली डचांनी नागासाकीच्या देजिमा बेटावरून सोयाची पहिली पिंपे परदेशी धाडल्याची नोंद त्यांच्या दप्तरात आहे. पुढे हा व्यापार वाढला. १७७५-७६ मध्ये जपानात राहिलेला थुनबर्ग हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतो, की डच लोक सोया लोखंडी कढईत उकळून बाटल्यांत भरतात, बुचांना डांबर लावतात, आणि मग तो बटाव्हियाहून पूर्वेच्या देशांत व युरोपात जातो. इंग्रजी भाषेतला ‘सॉय’ हा शब्दच मुळी जपानी ‘शोयू’चा डचांच्या तोंडून आलेला अवशेष. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६७९ च्या आपल्या रोजनिशीत हिंदी महासागराच्या देशांतून येणारी दोन तोंडीलावणी म्हणून ज्यांची नावे टिपली ती आंबा आणि सोया. आंब्याच्या लोणच्याशेजारी सोया बसलेला असे, सुरतेत काय आणि लंडनमध्ये काय.

हेच डच हुगळीकाठी चिनसुऱ्याला, डमडमपासून काही तासांच्या वाटेवर, १८२५ पर्यंत ठाण मांडून होते. बंगालचे कच्चे रेशीम ते जपानला नेत आणि तेथून तांबे आणीत. जपानी तांब्याच्या कांड्या सुरत, कोरोमंडल आणि बंगाल येथे विकल्या जात. त्यांतले काही नाण्यांत गेले, काही भांड्यांत. पुण्याच्या तांबट आळीत ठोकल्या गेलेल्या एखाद्या घागरीत जपानचे तांबे असेल आणि ती भरणाऱ्या बाईला ह्याचा पत्ताही नसेल. तांबे स्वयंपाकघरात आले. सोया उंबऱ्याशी थांबला. असे का व्हावे?

सोवळेओवळे हे उत्तर तत्काळ सुचते. मला ते पटत नाही. ज्या समाजाने पोर्तुगीजांनी आणलेली मिरची दोन-तीनशे वर्षांत इतकी आपली केली की तिच्यावाचून ठेचा कल्पिता येत नाही, त्याने परकेपणाच्या कारणास्तव सोया नाकारला असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. मिरची बी म्हणून आली; परसात रुजली; तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. सोया आला तो बूच लावलेल्या बाटलीत, साहेबाच्या मेजावर. त्याचे बी आपल्याकडे नव्हते, त्याला आंबवणारी कोजी नावाची बुरशी नव्हती आणि ती लावण्याची विद्या देणारा माणूसही नव्हता. शिवाय आपण आंबवितो ते डोशाचे पीठ एका रात्रीत. बुरशी आली की आपण फेकतो. वर्षभर बुरशीवर विसंबून राहावयाचे तर त्यासाठी निराळी पिंपे, निराळी हवा आणि निराळा धीर लागतो.

पण हिंदुस्थानाने सोयाबीन आंबविलेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. दार्जिलिंग-सिक्कीमचे किनेमा, मणिपूरचे हवाइजार, सुमी नागांचे अखुनी हे सारे उकडलेल्या सोयाबीनला आंबवून केलेले पदार्थ आहेत. ते जपानच्या नात्तोचे भाऊबंद शोभतील, सोया सॉसचे नव्हेत. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानी सेना कोहिमापर्यंत आली. सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन निघालेल्या त्या सैन्याची पुढे अन्नान्न दशा झाली आणि जूनपर्यंत त्यांच्या सेनापतीने वरिष्ठांची आज्ञा मोडून माघार घेतली. ज्या डोंगरांत ती पोरे भुकेने मेली, त्याच डोंगरांतल्या चुलींवर त्यांच्या ओळखीचा वास टांगलेला होता. मी पूर्वांचलात नोकरी केलेल्या सहकाऱ्यांकडून अखुनीच्या वासाविषयी तक्रारी पुष्कळ ऐकल्या आहेत. ही गोष्ट सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसतात.

उलट दिशेने गेलेल्या एका पदार्थाचा उल्लेख येथे केला पाहिजे. रासबिहारी बोस १९१५ च्या मे महिन्यात खिदिरपूरच्या गोदीतून जपानी जहाजाने निसटले. टोकियोत नाकामुराया ह्या पावाच्या दुकानाच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना आश्रय दिला आणि पुढे आपली मुलगी दिली. १९२७ साली त्या दुकानाने उपाहारगृह उघडले तेव्हा जावयाच्या रीतीची हिंदी करी तेथे मिळू लागली. पण त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, टोकियोच्या सोबावाल्यांनी विलायती करीची पूड थेट आपल्या त्सुयूत ढवळून ‘करी-नानबान’ नावाचा प्रकार सुरू केला होता. रासबिहारींना त्या पिठूळ करीचा तिटकारा होता असे सांगतात. मला त्या अनाम सोबावाल्यांचे कौतुक वाटते. त्यांनी आलेली वस्तू शुद्ध की अशुद्ध हे विचारले नाही. रसात टाकून पाहिली.

आपल्याकडे अखेर सोया आला तो ह्याच कलकत्त्याच्या चिनी लोकांच्या हातून. वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाला बजबजजवळ जमीन मिळाली. तेथे त्याने उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना केला. त्याच्या नावाचे आचिपूर आजही आहे आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी तेथे दर्शनाला जातात. पुढे टेरिटी बाजारात सुतार, चांभार, दंतवैद्य आले. टेंगऱ्याला कातड्याचे कारखाने झाले. आणि त्यांच्या जेवणासाठी सोयाही येथेच आंबू लागला. कायेशीसाठी आम्ही बाटली आणली ती टेरिटी बाजारातूनच. गडद प्रकारात जळक्या साखरेचा रंग असतो आणि त्याने मेंत्सुयू कडसर होते, म्हणून भाचीने पातळ प्रकार निवडला. मिरीन मिळाले नाही. त्याच्या जागी साखर वाढविली. मी नोलेन गुडाची सूचना केली होती. पौष होता, खजुराचा ताजा गूळ घरात होता. भाचीने ती एका शब्दानेही उत्तर न देता फेटाळली.

ह्या बाटलीच्या पाठीमागे आणखी एक हकीकत आहे आणि ती आपण नोकरदारांनी वाचावी अशी आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग आणि आसपासच्या भागांतल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, शाळेतली मुले होती, येथेच जन्मलेली माणसे होती. काहींना तेथे वर्षानुवर्षे राहावे लागले. परतल्यावर अनेकांना आपले दुकान, घर, सामान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले आढळले. कलकत्त्यात राहिलेल्यांवरही पोलिसांकडे हजेरी आणि प्रवासबंदी लादली गेली, आणि पुढल्या वर्षांत कित्येक घराणी कॅनडाला निघून गेली. ती फर्माने ज्यांनी टंकलिखित केली, ज्यांनी बजावली, ज्यांनी गाडीत माणसे मोजून बसविली, ते कोणी राक्षस नव्हते. आपल्यासारखेच बदलीवर आलेले, घरी पत्र लिहिणारे, महिन्याच्या अखेरीची चिंता करणारे कारकून आणि अधिकारी असणार. मला त्यांचा राग करता येत नाही आणि त्यांना सोडूनही देता येत नाही.

जे राहिले त्यांच्यापैकी एकाने सोयाला महाराष्ट्रात खरा प्रवेश मिळवून दिला. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईस आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात त्यांनी आले-लसूण-हिरवी मिरचीच्या फोडणीत सोया घालून ‘मंचुरियन’ केले, असे सांगितले जाते. आज सांगली-लातूरच्या नाक्यावरल्या गाडीवर जो मंचुरियन परततो त्याला ना मांचुरिया ठाऊक ना सुरतेचा पाद्री. ओव्हिंग्टनच्या मेजावरून जो रस तीनशे वर्षे खाली उतरला नाही, तो ह्या फोडणीबरोबर दोन दशकांत तालुक्याच्या गावी पोहोचला. तेव्हा सोया आपल्या जिभेला मानवत नव्हता, हे म्हणणेही गेले.

त्याच गाडीवर आजिनोमोटोची पुडी असते. तिचे मूळ मात्र दाशीत आहे. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक इकेदा किकुनाए ह्यांनी कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य कोदामा ह्यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडले. पुढे असे दिसून आले की हे दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे चव बेरजेने न वाढता कैक पटीने वाढते. सोयात ग्लुटामेट विपुल आहे आणि सुक्या कुप्यात इनोसिनेट. दोघांना एका भांड्यात घालावे हे सोबावाल्यांना रसायनशास्त्राच्या शंभर वर्षे आधी जिभेने कळले होते.

आठव्या दिवशी कायेशीचे झाकण काढले. वास मऊ झाला होता. मिनिकॉयच्या माशाचा अर्क तीन वाट्या आणि कायेशी एक वाटी असे मिश्रण पुन्हा एकदा किंचित तापवून गार केले आणि कवरत्तीच्या गृहस्थांना सपत्नीक बोलाविले. सोबा खाताना सुर्र असा आवाज करावयाचा असतो, तो शिष्टाचार आहे, असे भाचीने बजावून सांगितले होते. जेवताना आवाज केला म्हणून लहानपणी ज्यांनी धपाटे खाल्ले आहेत अशा आम्हा दोघांना ते काही केल्या जमेना. बायकांना जमले. शेवया संपल्यावर वाटीच्या तळाशी राहिलेल्या रसात शेवया उकडलेले गढूळ, गरम पाणी ओतून ते पिण्याची जपानी चाल आहे. भाताच्या पेजेची आठवण व्हावी असे ते पाणी. आम्ही दोन-दोन वाट्या प्यालो, आणि गृहस्थांनी जाताना उरलेली कायेशी एका लोणच्याच्या बरणीत मागून नेली.